उंटाच्या नावातला अबोल ‘त्’

म्यानमारमध्ये शहामृगाला ‘उंट-पक्षी’ म्हणतात. हिंदीतला ‘शुतुरमुर्ग’ मूळचा फारसी, त्याचाही अर्थ तोच. लांब मान, लांब पाय पाहून हे नाव सुचणं साहजिक आहे. पण ब्रह्मदेशात उंट तरी कुठे होता? इरावतीच्या दमट खोऱ्यात ओझी वाहिली ती हत्तींनी, बैलांनी, तट्टांनी. रोजच्या राबत्यातल्या या जनावरांची बर्मी नावं आखूड आहेत: हत्ती ‘सिन’, घोडा ‘म्यिन’, गाय ‘न्वा’. उंटाचं नाव मात्र जोडशब्द आहे, ‘कला-ओ’. त्याचे दोन्ही तुकडे उंट कुठून आला ते सांगतात.

आधी ‘ओ’ पाहू. तो उच्चारताना शेवटी श्वास घशात एकदम अडवायचा असतो. लिहिताना मात्र तिथे ‘उत्’ अशी अक्षरं येतात. बर्मी लिपी ब्राह्मीच्याच कुळातली, त्यामुळे हे अक्षरांतर आपल्याला सहज जुळवता येतं. बर्मीत शब्दाच्या शेवटी लिहिलेला ‘त्’ आता उच्चारला जात नाही, नुसता श्वास अडतो. पण लेखनाने तो जपला आणि त्यामुळेच नात्याचा माग लागतो: संस्कृत ‘उष्ट्र’, पाली ‘ओट्ठ’, थाई ‘ऊत’ आणि आपला ‘उंट’. जनावर नाही, तरी त्याचं नाव बंगालचा उपसागर ओलांडून तिकडे रुजलं.

‘कला’ म्हणजे पश्चिमेकडून आलेला परका माणूस, मुख्यतः भारतीय. त्याच्याबरोबर आलेल्या वस्तूंनाही हा शब्द चिकटला. खुर्ची झाली ‘कला-थाइन’, म्हणजे परक्यांचं बसणं. हरभरा झाला ‘कला-बे’, म्हणजे परक्यांचं कडधान्य. तसाच उंट. अशा शब्दांत निव्वळ नोंद आहे: ही वस्तू त्या लोकांची.

माणसाला उद्देशून मात्र हाच शब्द आज जिव्हारी लागतो. भारतीय वंशाच्या आणि मुस्लिम नागरिकांना हिणवण्यासाठी तो वापरला जातो. ‘मला कला म्हणू नका’ अशी मोहीम 2020 मध्ये तिथल्या तरुणांनी समाजमाध्यमांवर चालवली. पिढ्यान्‌पिढ्या त्याच मातीत राहिलेल्या माणसाला रोज परकं ठरवलं जावं, ही वेदना खरी आहे आणि ती ऐकायलाच हवी.

उंटाच्या नावातला ‘त्’ जिभेवरून गेला, तरी कागदावर टिकून नातं सांगत राहिला. ‘कला’मधला परकेपणा मात्र जिभेवरच धारदार होत गेला.