दिवाळीनंतरचा तांडा

दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजूर नेणाऱ्या मुकादमाची गाडी दाराशी लागली, की बीडच्या पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी भागातल्या वाड्या-तांड्यांवर म्हातारी माणसं आणि शाळकरी मुलंच उरतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. तो उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेऊन पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला जातो. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया गाजल्या, सरकारने चौकशी समितीही नेमली. मागे राहिलेल्यांची विचारपूस मात्र फारशी झाली नाही.

साठीची आजी नातवंडांचा स्वयंपाक करते, हापशावरून पाणी आणते, राहिलेली शेरडं सांभाळते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया फुकट होते, पण सोबतीला माणूस हवं आणि पुढे काही आठवडे डोळ्यांत थेंब घालायला कुणीतरी हवं. मग ते ‘पोरं आल्यावर बघू’वर जातं. रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या की आशाताई येईपर्यंत खंड. पत्र्याच्या डब्यात अर्धी पट्टी असते; कुठली सकाळची, कुठली रात्रीची, हे सहावीतली नात सांगते.

पोरीला मागे एकटं कसं ठेवायचं, या धास्तीने लग्नंही लवकर उरकतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) बीडमधल्या २० ते २४ वयाच्या ४० टक्क्यांहून अधिक स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं; राज्याची सरासरी २२ टक्क्यांच्या आसपास. हंगामी वसतिगृहांमुळे काही मुलं शाळेत टिकतात. आजी-आजोबांसाठी तशी सोय नाही.