डॉक्टर, मोबाइल आणि फळा

फळ्यावरचे अक्षर न दिसणाऱ्या विद्यार्थ्यावर ‘अभ्यासात लक्ष नाही’ असा शिक्का मारण्याची चूक आम्हा शिक्षकांकडून अनेकदा होते. मूल तक्रार करीत नाही. कारण स्पष्ट दिसणे म्हणजे काय, हेच त्याला ठाऊक नसते. या प्रश्नासाठी एक डॉक्टर उद्योजक कसा झाला, हे पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी जाणून घेण्यासारखे आहे.

डॉ. अँड्र्यू बॅस्टोरस हे ब्रिटिश नेत्रशल्यविशारद. संशोधनासाठी ते केनियातील नाकुरू भागात गेले. तेथे ठिकठिकाणी नेत्रतपासणी केंद्रे भरवताना महागडी, नाजूक यंत्रे वाहून न्यावी लागत. कित्येक ठिकाणी धड रस्ता नव्हता, वीज नव्हती; मोबाइलचे जाळे मात्र पोहोचले होते. मग तपासणीच मोबाइलवर का आणू नये, असा विचार त्यांनी केला. सहकाऱ्यांसमवेत त्यांनी अ‍ॅप तयार केले आणि ‘पीक व्हिजन’ हा सामाजिक उद्योग उभारला.

अ‍ॅपची रीत सोपी आहे. पडद्यावर इंग्रजी ‘ई’ हे अक्षर निरनिराळ्या दिशांना वळलेले दिसते. त्याची उघडी बाजू जिकडे असेल तिकडे मूल हात दाखवते आणि तपासणारा पडद्यावर त्याच दिशेने बोट सरकवतो. उत्तर बरोबर की चूक, हे मोबाइल ठरवतो. त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या मुलाचीही तपासणी होते आणि ती शिक्षकालाही करता येते.

केनियाच्याच ट्रान्स न्झोइया परगण्यात डॉ. हिलरी रोनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी ५० शाळांमध्ये या पद्धतीची कसोटी घेतली. तिचे निष्कर्ष २०१८ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे २१,००० मुलांची दृष्टी शिक्षकांनीच तपासली. निम्म्या शाळांत छापील तक्ता आणि रुग्णालयात जाण्याची चिठ्ठी होती. उरलेल्या शाळांत मोबाइल होता. शिवाय मुलाला जग किती धूसर दिसते हे दाखवणारे चित्र आणि पालकांना आठवण देणारे संदेश होते. दृष्टिदोष आढळलेल्यांपैकी पहिल्या गटातील २२ टक्के, तर दुसऱ्या गटातील ५४ टक्के मुले रुग्णालयात पोहोचली.

आमच्या मते या आकड्यांतच खरा बोध आहे. दोष सापडला म्हणजे उपचार झाला, असे नव्हे. निदान आणि उपचार यांच्या मधल्या वाटेवर रुग्ण कोठे हरवतो, हे रुग्णांत वावरलेल्या डॉक्टरला दिसते. म्हणूनच त्याने घडवलेले साधन केवळ तपासून थांबत नाही. वैद्यकीय व तंत्रज्ञानाच्या क्षेत्रांत असलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

तथापि ४६ टक्के मुले तरीही पोहोचली नाहीत. त्यांचा हात धरून दवाखान्यापर्यंत नेण्याचे काम कोणतेही यंत्र करणार नाही. ते पालकांचे आणि शिक्षकांचेच आहे. मागच्या बाकावरचे मूल डोळे बारीक करून फळ्याकडे पाहू लागले, तर त्याला दटावण्यापूर्वी आम्ही एवढेच विचारावे : ‘बाळा, तुला नीट दिसते ना?’