न दुखणारी गाठ

ढोकी हे गाव मराठवाड्यात तेरणा साखर कारखान्याच्या नावाने ओळखले जाते. ऊस हेच जेथे पैशाचे पीक, तेथे वर्षाचा हिशेब गाळप हंगामावरून होतो. स्तनाच्या कर्करोगाविषयी जनजागृतीचा महिना म्हणून जगभर ऑक्टोबर पाळला जातो, आणि नेमक्या त्याच सुमारास धाराशिव व बीड जिल्ह्यांतील ऊसतोड मजुरांच्या टोळ्या मुकादमाकडून उचल घेऊन गाव सोडू लागतात. व्याख्याने गावात होतात. जिने ती ऐकावयाची ती फडात असते.

कष्टकरी स्त्रीच्या लेखी दुखणे म्हणजे कामाच्या आड येते ते. स्तनातील कर्करोगाची गाठ आरंभी बहुधा दुखत नाही. साहजिकच ती दुखण्यात जमा होत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. तिचा दिवस बुडाला की खाडा पडतो आणि उचल फिटावयाची लांबते. त्यात संकोचाची भर. अवयवाचे नाव उच्चारणेही अप्रशस्त मानले जाते, तेथे गाठीविषयी बोलावयाचे कोणाशी? अशा वेळी 'हंगाम संपल्यावर पाहू' असे ती ठरवते, ते निव्वळ अज्ञानापोटी नव्हे. तो तिच्या परीने केलेला हिशेब असतो. मात्र त्या हिशेबात विलंबाची किंमत धरलेली नसते. लवकर सापडलेल्या रोगात पुष्कळदा स्तन राखून शस्त्रक्रिया करता येते आणि बरे होण्याची शक्यता मोठी असते. उशिरा सापडलेल्या रोगात उपचार लांबतात, कर्ज वाढते आणि आयुष्याची शाश्वती उरत नाही. २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग होतो आणि सुमारे ९८ हजार त्याने दगावतात.

ग्रामीण स्त्रिया तपासणीस येत नाहीत, अशी सबब नेहमी पुढे केली जाते. तिचे उत्तर याच जिल्ह्याने दिले आहे. ढोकीहून येडशीमार्गे बार्शीला जाता येते. तेथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या आश्रयाने १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिच्या कक्षेत परांडा आणि भूम हे तालुकेही आले. पुढे १९९९ साली त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंबंधी मोठा अभ्यास हाती घेण्यात आला. त्यात १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा समावेश होता. तपासणीसाठी निवडलेल्यांपैकी दहांतील जवळजवळ आठ जणींनी ती करून घेतली. एकाच वेळच्या विषाणू-चाचणीने त्या रोगाचे मृत्यू निम्म्यावर येतात, हे २००९ साली जगाला कळले, ते या खेड्यांतील स्त्रियांमुळे. तपासणी दाराशी आली तर बाई पाठ फिरवीत नाही, हाच याचा अर्थ होय.

स्तनाच्या कर्करोगासाठी तर आरंभी महागड्या यंत्राचीही गरज नाही. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईत सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांतील स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने तपासणी केली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्यात रोग अलीकडच्या टप्प्यावर सापडला, आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत त्या रोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मृत्यूंत अशी घट दिसली नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तरुण वयात म्हणूनच स्वतःच्या शरीरातील बदलांकडे लक्ष असणे अधिक अगत्याचे ठरते. नवी गाठ, आत ओढले गेलेले स्तनाग्र, त्यातून रक्तमिश्रित स्राव, संत्र्याच्या सालीसारखी कातडी किंवा काखेतील गाठ, यांपैकी काहीही आढळले तर डॉक्टरांना दाखवावे. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात; पण ते ठरविण्याचे काम तपासणीचे आहे, भीतीचे नव्हे.

तिशीपुढील स्त्रियांची अशी तपासणी राष्ट्रीय कार्यक्रमात समाविष्ट आहे. एसटीत स्त्रियांना २०२३ पासून अर्धे भाडे आहे. कर्करोगाच्या उपचारांचा अंतर्भाव महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आहे. सोयी कागदावर आहेत. त्यांची सांगड हंगामाशी घातलेली नाही. टोळ्या निघण्यापूर्वी आणि पाडव्यानंतर त्या परतल्यावर गावोगाव तपासणी व्हावी. हंगामात ती तळावर व्हावी. टोळ्यांची यादी ठेवणारा लिपिक, मुलांमार्फत घरापर्यंत पोचणारा शिक्षक आणि आईशी मोकळेपणी बोलू शकणारी महाविद्यालयीन मुलगी यांना यात करण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु या सर्वांआधी एक साधा नियम हवा: तपासणीच्या दिवसाचा खाडा धरला जाऊ नये. एका दिवसाची मजुरी सोडण्याची तयारी व्यवस्थेने दाखविली नाही, तर जागृतीचा सारा खर्च पुन्हा त्या बाईच्याच नावे पडेल.