प्रौढ, भयग्रस्त कुत्रा आणि क्रेट-प्रशिक्षण : एक विवेचन

बीजसंज्ञा : क्रेट, बंदिस्तपणाची भीती, क्रमबद्ध असंवेदनीकरण, अध्ययित असहायता, प्राणिकल्याण

प्रस्तावना :

मराठी भाषेत कोंबड्यांसाठी खुराडे, कबुतरांसाठी ढाबळ, गुरांसाठी गोठा आणि घोड्यांसाठी पागा असे शब्द रूढ आहेत. कुत्र्याच्या निवाऱ्यासाठी मात्र असा जुना, स्वतंत्र शब्द सहजासहजी आढळत नाही. वाड्यावरचा अथवा शेतावरचा कुत्रा ओसरीवर, अंगणात, खळ्यावर मोकळा वावरत असे. फार तर त्याच्या गळ्यात साखळी पडे. शहरातील सदनिकांमध्ये कुत्रे पाळण्याचे प्रमाण वाढले, तसा 'क्रेट' म्हणजे दार असलेला तारेचा अथवा फायबरचा पिंजरा घरात आला. लहान पिल्लू खेळता खेळता क्रेटला सरावते. प्रौढ वयात घरी आणलेला, मुळातच घाबरट कुत्रा मात्र त्याच क्रेटमध्ये लाळ गाळतो, जाळी चावतो, नखे व दात तोडून घेतो किंवा अगदी निपचित पडून राहतो. यांपैकी शेवटचे वर्तन पाहून 'कुत्रा सरावला' असा निष्कर्ष काढला जातो. तो अनेकदा चुकीचा असतो. ही चूक कशी होते व ती टाळून प्रशिक्षण कसे द्यावे, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

क्रेटची गरज :

क्रेट-प्रशिक्षण सुरू करण्यापूर्वी ते कशासाठी हवे, हे निश्चित करणे आवश्यक आहे. शस्त्रक्रियेनंतर हालचाल मर्यादित ठेवणे, पशुवैद्यकीय रुग्णालयातील वास्तव्य आणि प्रवास ही त्यामागील सबळ कारणे होत. भारतीय रेल्वेत मालकाने प्रथम वर्गाचा संपूर्ण कूपे आरक्षित केला नसल्यास कुत्र्याला गार्डच्या डब्यातील 'डॉग बॉक्स'मधून प्रवास करावा लागतो. विमानाच्या मालकक्षातून नेताना आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या मापांनुसार क्रेट लागतो. त्याची लांबी नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतचे अंतर अधिक पुढील पायाच्या उंचीचा निम्मा भाग, आणि रुंदी खांद्यांच्या रुंदीच्या दुप्पट धरतात. उंची एवढी हवी की कुत्रा मान न झुकविता उभा राहील. घरात वस्तूंची नासधूस होते, एवढ्याच कारणासाठी क्रेट वापरणे मात्र योग्य ठरत नाही. कारण नासधूस हेच पुष्कळदा भीतीचे लक्षण असते.

प्रौढ कुत्र्याच्या भीतीचे स्वरूप :

प्रौढ कुत्र्याला भूतकाळ असतो. रस्त्यावरून दत्तक घेतलेल्या कुत्र्याने निर्बीजीकरणाच्या वेळी जाळे, गाडीतील पिंजरा व शस्त्रक्रियेनंतरची कोठडी अनुभवलेली असू शकते. जाळीच्या दाराचा खणखणाट एवढाही त्या अनुभवाची आठवण जागी करण्यास पुरेसा ठरतो.

येथे दोन प्रकारच्या भीतींत फरक करावा लागतो. घरचे माणूस दूर गेल्यामुळे येणारी अस्वस्थता म्हणजे विरहजन्य चिंता. तर माणूस समोर असूनही दार लागताच निर्माण होणारा भयकंप म्हणजे बंदिस्तपणाची भीती. पहिलीत कुत्रा मोकळ्या घरातही दाराशी रडतो. दुसरीत तो मोकळ्या घरात निवांत असतो आणि क्रेटमध्येच बिथरतो. काही कुत्र्यांत दोन्ही एकत्र आढळतात. घराबाहेर जाताना भ्रमणध्वनीचा कॅमेरा सुरू ठेवून हा फरक तपासता येतो. विरहजन्य चिंतेची लक्षणे बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच प्रकट होतात.

भीतीची प्रारंभिक चिन्हे सौम्य असतात : अकारण जांभई, वारंवार नाकावरून जीभ फिरविणे, उष्णता नसताना धाप लागणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे, शेपूट पोटाखाली घेणे आणि एरवी आवडणारे खाद्य नाकारणे. खाद्य नाकारणे हे चिन्ह विशेष महत्त्वाचे मानावे.

शांतता आणि असहायता :

'रडून रडून गप्प बसेल' हा सल्ला सर्रास दिला जातो. मार्टिन सेलिगमन व स्टीव्हन मायर यांनी इ. स. १९६७ मध्ये कुत्र्यांवर केलेले प्रयोग या संदर्भात उद्बोधक आहेत. एका गटातील कुत्र्यांना डोक्याने फळी दाबून विजेचा झटका थांबविता येत असे. दुसऱ्या गटाला तेवढेच झटके बसत, परंतु ते थांबविण्याचा कोणताही उपाय त्यांच्या हाती नव्हता. पुढे ठेंगणा अडसर ओलांडून सुटका करून घेण्याची संधी मिळाली, तेव्हा दुसऱ्या गटातील बहुतेक कुत्र्यांनी ती घेतली नाही. ते जागच्या जागी सोसत राहिले. यालाच 'अध्ययित असहायता' असे नाव मिळाले. आज हे प्रयोग क्रूर वाटतात आणि ते तसे होतेही.

इ. स. २०१६ मध्ये याच दोन संशोधकांनी आपल्या सिद्धान्तात मूलगामी दुरुस्ती केली. दीर्घकाळ चालणाऱ्या त्रासापुढे निष्क्रिय होणे ही शिकलेली नव्हे, तर प्राण्याची मूळ प्रतिक्रिया असते. परिस्थितीवर आपले नियंत्रण आहे, हीच गोष्ट शिकावी लागते, असे त्यांनी मांडले. क्रेट-प्रशिक्षणासाठी या दुरुस्तीचे मोल मोठे आहे. आक्रोश करून थकलेला, निपचित पडलेला कुत्रा सरावलेलाच असतो, असे मानता येत नाही. आपल्या कृतीने दार उघडते, हा अनुभव त्याला मुद्दाम द्यावा लागतो.

प्रशिक्षणाचे टप्पे :

जोसेफ वोल्पे यांनी इ. स. १९५८ मध्ये मानवी भयगंडांसाठी मांडलेली क्रमबद्ध असंवेदनीकरणाची पद्धत आणि पावलॉव्ह यांच्या प्रयोगांतून सिद्ध झालेले अभिसंधान, या दोहोंचा येथे आधार घेतला जातो. भीतिदायक वस्तू अत्यल्प प्रमाणात समोर आणावयाची आणि तिच्याशी सुखद अनुभव जोडावयाचा, हे त्याचे सूत्र होय.

१) जागा : क्रेट घरातील माणसांच्या वावराच्या खोलीत, एका कोपऱ्यात ठेवावा, उन्हाच्या गॅलरीत ठेवू नये. दार काढून ठेवावे किंवा उघडे बांधून टाकावे. आत कुत्र्याचे वापरातील अंथरूण घालावे.

२) उंबरठा : उकडलेल्या अंड्याचे किंवा कोंबडीचे लहान तुकडे प्रथम क्रेटजवळ, मग दाराशी, नंतर आत टाकावेत. कुत्र्याने फक्त मान आत घालून घास उचलला व तो मागे फिरला, तरी त्यास अडवू नये. आमिष दाखवून आत घ्यावे आणि दार लावावे, ही फसवणूक एकदा झाली तरी अनेक दिवसांची मेहनत वाया जाते.

३) दार : कुत्रा आपणहून आत जाऊन आडवा होऊ लागल्यावरच दाराचा विचार करावा. प्रथम दार किंचित हलवून खाद्य द्यावे; नंतर क्षणभर लोटून, कुत्रा उठण्यापूर्वीच उघडावे. पाच, दहा, तीस सेकंद असे वाढवीत जावे; मात्र प्रत्येक वेळी कालावधी वाढविणे टाळावे. मध्येच अगदी सोपा प्रयत्न द्यावा.

४) अंतर : दार लावून खोलीतच दोन पावले दूर जाणे, नजरेआड होणे आणि शेवटी घराबाहेर जाणे, असा क्रम ठेवावा.

कोणत्याही टप्प्यावर कुत्रा कण्हू लागल्यास दार उघडावे आणि पुढील प्रयत्न निम्म्या कालावधीचा करावा. 'उघडले तर लाडावेल' ही शंका येथे गैरलागू आहे. कारण चूक कुत्र्याची नसून कालावधीच्या निवडीची असते. शिक्षा म्हणून क्रेट कधीही वापरू नये. दिवाळीच्या फटाक्यांच्या काळात वर जाड कापड टाकलेला, परंतु उघड्या दाराचा क्रेट उत्तम आसरा ठरतो. मात्र त्याची तयारी काही आठवडे आधी व्हावी.

औषधोपचार आणि पर्याय :

भीती तीव्र असल्यास पशुवैद्यकाचा सल्ला घेणे अगत्याचे आहे. अमेरिकेत क्लोमिप्रामीन व फ्लुऑक्सेटीन ही औषधे कुत्र्यांच्या विरहजन्य चिंतेसाठी मान्यताप्राप्त आहेत. ती वर्तनोपचाराच्या जोडीने द्यावयाची असतात. केवळ गुंगी आणणारे ॲसेप्रोमाझीन शरीर शिथिल करते, भीती घालवीत नाही. बंदिस्तपणाची भीती खोल रुजलेली असल्यास क्रेटचा आग्रह सोडून दाराला अडथळ्याची जाळी लावलेली खोली द्यावी. हा पर्याय म्हणजे पराभव नव्हे.

कायदेशीर बाजू :

प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० मधील कलम ११ नुसार, हालचालीस वाजवी वाव नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणे, तसेच सतत बांधलेल्या वा कोंडलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणे हा अपराध आहे. दिवसभर नोकरीसाठी बाहेर असलेल्या कुटुंबाने क्रेटला सोय समजून वापरण्यापूर्वी ही तरतूद लक्षात घ्यावी.

समारोप :

क्रेट हे साधन आहे. ते निवारा ठरते की तुरुंग, हे दारावरून ठरते. भयग्रस्त प्रौढ कुत्र्याच्या बाबतीत दार बंद करणे ही प्रशिक्षणाची सुरुवात नसून शेवटची पायरी होय. ज्या क्रेटचे दार उघडे असतानाही कुत्रा आपणहून आत जाऊन झोपतो, तोच क्रेट त्याने स्वीकारला, असे म्हणता येईल.