नानासाहेब सरपोतदार

नारायणराव दामोदर सरपोतदार तथा नानासाहेब सरपोतदार (१८९६–१९४०) हे मूकपटांच्या काळातील मराठी पटकथाकार, दिग्दर्शक व निर्माते होते. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरील 'पूना गेस्ट हाऊस' या निवास-भोजनगृहाचे ते संस्थापक होत. चित्रपटाच्या इतिहासग्रंथांत त्यांचा उल्लेख मूकपटांच्या संदर्भात येतो. सामान्य पुणेकराच्या बोलण्यात मात्र सरपोतदार हे नाव टिकून राहिले ते १९३५ साली सुरू झालेल्या या भोजनगृहामुळे.

== चित्रपट कारकीर्द ==

सरपोतदार मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील. चित्रपटाचे शिक्षण त्यांना मिळाले ते कोल्हापुरात, बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत. 'सैरंध्री' (१९२०) आणि 'सिंहगड' (१९२३) या चित्रपटांनी ही संस्था नावारूपाला आली होती; 'सिंहगड'मधील रात्रीच्या प्रसंगांसाठी पेंटर यांनी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला होता. सरपोतदार तेथे पटकथालेखक म्हणून काम करीत. मूकपटाच्या पटकथाकाराला संवाद लिहावयाचे नसले तरी त्याचे काम सोपे नव्हते. कथा दृश्यांत मांडावयाची आणि मधूनमधून पडद्यावर येणाऱ्या मोजक्या अक्षरांत प्रेक्षकाला तिचा धागा द्यावयाचा, हे कौशल्य त्यासाठी लागे.

पुढे त्यांनी पुण्यात स्वतंत्रपणे चित्रनिर्मिती सुरू केली. १९२५ मधील 'प्रभावती', 'चंद्रराव मोरे' आणि 'महाराची पोर' हे त्यांचे चित्रपट. यांपैकी 'महाराची पोर' विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. पौराणिक व ऐतिहासिक कथांवर बाजार चालत असताना अस्पृश्य मुलीचे जीवन चित्रपटाचा विषय करणे हे व्यवसायाच्या दृष्टीने धाडसाचेच होते. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह यानंतर दोन वर्षांनी, १९२७ मध्ये झाला, हे ध्यानात घेतले म्हणजे या निवडीचे वेगळेपण कळते.

त्यानंतरची त्यांची संस्था म्हणजे पुण्यातील आर्यन फिल्म कंपनी. येथेच अंबा सगुण नावाच्या लहान मुलीने १९२८ च्या 'राजा हरिश्चंद्र' या मूकपटात काम केले. तिला महिना १८ रुपये पगार मिळे, असे सांगितले जाते. हीच मुलगी पुढे ललिता पवार या नावाने प्रसिद्ध झाली.

== बोलपटांचे आगमन ==

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईत 'आलम आरा' प्रदर्शित झाला आणि ६ फेब्रुवारी १९३२ रोजी प्रभातचा 'अयोध्येचा राजा'. मूकपट उन्हात, उघड्या आवारात चित्रित करता येत असे. बोलपटाला ध्वनिमुद्रणाची महागडी यंत्रे, आवाज आत न येऊ देणारी बंदिस्त जागा, गाणारे नट आणि संवादलेखक हवे होते. शिवाय मूकपटाची केवळ अक्षरे बदलली की तो कोणत्याही प्रांतात चालत असे. बोलपटाची बाजारपेठ भाषेने ठरू लागली. लहान भांडवलाच्या संस्थांना हा बोजा पेलणे कठीण गेले. पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनीही या बदलात टिकली नाही आणि आर्यनचे कामही १९३० च्या दशकाच्या आरंभी थांबले. महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडलेल्या मंडळींची प्रभात फिल्म कंपनी मात्र १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यास आली आणि भरभराटीला चढली. सरपोतदार त्याच शहरात होते.

== पूना गेस्ट हाऊस ==

१९३५ मध्ये सरपोतदारांनी लक्ष्मी रस्त्यावर, हल्लीच्या विजय चित्रपटगृहाजवळ, पूना गेस्ट हाऊस सुरू केले. चित्रपट सोडून खानावळ, हा बदल आज विचित्र वाटेल. त्या काळाच्या दृष्टीने तो तितकासा नव्हता. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी मराठी नाटकाचा पाया घातला, तेव्हापासून गावोगाव फिरणाऱ्या नाटक मंडळ्यांचे बिऱ्हाड आचारी व भांड्याकुंड्यांसह हलत असे. गंधर्व नाटक मंडळीच्या पंगतींची चर्चा तर तिच्या पदांइतकीच होई. मूकपटांच्या कंपन्यांनीही पुष्कळशी हीच रीत उचलली होती. नट, रंगारी, सुतार आणि छायालेखक मासिक पगारावर एकत्र राहत. एवढी माणसे वेळेवर जेवू घालणे हा कंपनीच्या मालकाच्या कामाचाच भाग होता.

पुण्यातही अशा सोयीची गरज होती. शिक्षणासाठी येणारे विद्यार्थी आणि कोर्टकचेरी किंवा व्यापाराच्या निमित्ताने येणारे परगावचे लोक यांच्यासाठी शहरात खानावळी होत्याच. पूना गेस्ट हाऊसमध्ये घरगुती मराठी जेवणाबरोबर राहण्याचीही व्यवस्था होती. (नावाच्या साधर्म्यामुळे अनेकदा घोटाळा होतो, पूना बोर्डिंग हाऊस ही निराळी संस्था आहे.) थालीपीठ, साबुदाण्याची खिचडी व मराठी पद्धतीचे ताट ही या भोजनगृहाची ओळख. मालक चित्रपटातले, म्हणून चित्रपट व नाट्यव्यवसायातील मंडळींची पावले तिकडे वळत, आणि पुण्यात प्रयोगासाठी आलेल्या कलावंतांचे ते हक्काचे ठिकाण बनले.

नानासाहेबांना हा व्यवसाय जेमतेम पाच वर्षे पाहता आला. १९४० मध्ये त्यांचे निधन झाले.

== पुढील पिढ्या ==

नानासाहेबांचे पुत्र चारुदत्त सरपोतदार यांनी पूना गेस्ट हाऊस दीर्घकाळ सांभाळले. रंगभूमीवरील लहानथोर मंडळी त्यांना 'चारूकाका' म्हणत. पडद्यामागे राबणाऱ्या कामगारांविषयी त्यांना विशेष आस्था होती. भोजनगृहाचा लौकिक त्यांच्या काळात वाढला आणि जुन्या कलावंतांच्या आठवणींमध्ये त्याचा उल्लेख वारंवार होऊ लागला. भारतीय मूकपटांच्या फार थोड्या प्रती आज उपलब्ध असल्यामुळे त्या पिढीच्या कामाची माहिती बव्हंशी जाहिराती, परीक्षणे व आठवणी यांवरूनच मिळवावी लागते. अशा आठवणी सांगणारी माणसे ज्या ठिकाणी एकत्र येत, त्यांत या भोजनगृहाचा समावेश होता.

घराण्यातील चित्रपटाचा धागाही तुटला नाही. गजानन सरपोतदार हे मराठी चित्रपट दिग्दर्शक होते. अजय सरपोतदार यांनी अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाचे अध्यक्षपद भूषविले. त्यांचे पुत्र आदित्य सरपोतदार हे चौथ्या पिढीतील दिग्दर्शक असून 'फास्टर फेणे' (२०१७) हा मराठी आणि 'मुंज्या' (२०२४) हा हिंदी चित्रपट त्यांनी दिग्दर्शित केला आहे.