वाडीतली कुत्र्यांची बाग

कुत्र्यांसाठी बाग म्हटलं की ऐकणारा आधी हसतो. माणसांना बसायला बाक नाहीत, पोरांना खेळायला मैदान नाही, आणि तुम्ही कुत्र्यांची बाग कुठून काढलीत? प्रश्न रास्त आहे. पण अशा बागा बहुधा कुणाच्या मैदानावर हक्क सांगून झालेल्या नाहीत. अमेरिकेतल्या बर्कली शहरात १९७९ साली कुत्र्यांसाठी राखीव जागा झाली, ती भुयारी रेल्वेसाठी रिकाम्या केलेल्या पट्ट्यावर. त्या देशातल्या अशा बागांची ती सुरुवात मानतात. हैदराबाद महापालिकेने २०१८ साली कोंडापूर भागात सव्वा एकराहून थोडी मोठी बाग उघडली, तिथे पूर्वी कचरा टाकला जाई.

आमच्या वसईत मात्र गोष्ट वेगळी आहे. माझ्या एका स्नेह्यांनी भुईगावच्या बाजूला आपल्या वाडीचा एक तुकडा कुंपण घालून कुत्र्यांसाठी मोकळा ठेवला आहे. ओळखीचे लोक रविवारी सकाळी आपापली जनावरं घेऊन येतात. आम्ही राहतो चौथ्या मजल्यावर. आमचा मोती गावठी जातीचा, चार वर्षांचा. त्याला घेऊन मी पहिल्यांदा गेलो तेव्हा रिक्षावाल्याने “चावत नाही ना?” एवढंच विचारलं आणि मीटरचा विषय काढला नाही. वीस रुपये जास्त गेले.

वाडीच्या तोंडाशी दोन फाटकं आहेत, एकामागे एक. मी आत शिरतो तोच स्नेह्यांचा मुलगा म्हणाला, “काका, आधी मागचं फाटक लावा, मग पुढचं उघडा. पट्टा मधल्या जागेत सोडा.” हे दोन फाटकांचं तंत्र अशा प्रत्येक बागेचा प्राण आहे. एक कुत्रा आत येताना दुसरा बाहेर निसटू नये, हा एक हेतू. दुसरा अधिक महत्त्वाचा. पट्ट्याला बांधलेल्या कुत्र्याला पळून जाता येत नाही, हे त्याला कळतं. समोरून चार मोकळे कुत्रे धावत आले की तो घाबरून आधी गुरगुरतो. भांडणं बहुतेक वेळा फाटकातच जुंपतात ती यामुळे. म्हणून आतल्यांना आधी लांब बोलवायचं आणि मगच नव्याला सोडायचं.

एकदा सोडलं की आपण बोलू नये, बघावं. दोन शहाणे कुत्रे सरळ तोंडासमोर येत नाहीत. वळसा घेऊन बाजूने येतात, मागून हुंगतात. मग एकजण पुढचे पाय जमिनीला टेकवून ढुंगण वर करतो. याचा अर्थ, आता जे करीन ते खेळ समजा. शेपटी हलते म्हणजे कुत्रा खूश, हा समज मात्र अर्धवट आहे. ताठ, उंच धरलेली आणि भराभर थरथरणारी शेपटी दिसली तर आपल्याला हाक मारून बाजूला घ्यावं.

मोती पहिली पंधरा मिनिटं धावलाच नाही. केळीच्या बुंध्यापासून कुंपणापर्यंत नुसता हुंगत राहिला. माणसाच्या नाकात वास घेणाऱ्या पेशी ५० ते ६० लाखांच्या घरात, कुत्र्याच्या नाकात २० कोटींच्या वर. इमारतीखालच्या सिमेंटवर त्याला रोज तेच ते मिळतं. इथे कुजलेला पालापाचोळा, शेजारच्यांच्या शेळ्या, रात्री येऊन गेलेलं मुंगूस! दमून घरी आला तो धावण्याने कमी आणि नाकाने जास्त, असं माझं मत.

वाडीत बावखल आहे. वसईबाहेरच्यांसाठी सांगतो, बावखल म्हणजे वाडीत खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. त्यात पावसाचं पाणी साठतं, जमिनीत मुरतं, आजूबाजूच्या विहिरी गोड राहतात. पूर्वी रहाटाने हे पाणी पानवेलींना आणि फुलझाडांना जाई. बांधकामासाठी कित्येक बावखलं बुजली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने लढा दिला तो याच पाण्यासाठी आणि हिरवाईसाठी. स्नेह्यांनाही जागेबद्दल विचारणा होतच असते. वाडी गेली तर कुत्र्यांची बागही गेली, हे वेगळं सांगायला नको.

बावखलाभोवती त्यांनी वेगळं कुंपण घातलं आहे. काठ उभे असले की पोहणाऱ्या कुत्र्यालाही वर चढता येत नाही. शिवाय साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मुतातून लेप्टोचे जंतू येतात. तो रोग कुत्र्याला होतो आणि कुत्र्याकडून माणसालाही. लेप्टो, रेबीज, डिस्टेंपर आणि पार्व्हो यांच्या लसींचं कार्ड दाखवल्याशिवाय इथे प्रवेश नाही. नियम कडक वाटतो, पण त्याला तडजोड नसावी. २०१८ साली गीरच्या जंगलात सिंह दगावले, त्यांच्यात डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. म्हणूनच मोकळं रान हवं म्हणून कुत्र्याला तुंगारेश्वरला नेऊ नका. ते अभयारण्य आहे आणि तिथे बिबटे आहेत.

सुरुची बागेचा किनारा जवळ आहे, तिथेही लोक नेतात. तिथे पट्टा सुटू नये. हिवाळ्यात पाणथळीवर कुरव आणि इतर पाहुणे पक्षी उतरतात. लांबून उडून आलेल्या त्या जिवांना घटकाभर बसू द्यावं. खारं पाणी कुत्र्याने प्यायलं की उलट्या होतात, तेव्हा घरचं पाणी सोबत हवं. वाळूवर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून पाहा. आपल्याला सोसली नाही तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही.

आणि घाम. कुत्र्याला तो पंजांपुरताच येतो. अंग गार करतो तो धापा टाकून. आपल्या दमट हवेत धापांचाही फारसा उपयोग होत नाही. चपट्या नाकाचे पग आणि दाट केसांचे हस्की यांचे तर हालच. त्यामुळे वाडीचं फाटक सकाळी साडेसहाला उघडतं आणि नऊला बंद होतं. निघताना प्रत्येकाने आपल्या कुत्र्याची घाण कागदात उचलून खड्ड्यात टाकायची. पहिल्या रविवारी एक गृहस्थ म्हणाले, एवढी मोठी वाडी आहे, खतच होईल की. स्नेह्यांनी खुरपं त्यांच्या हातात दिलं आणि शेजारच्या आळ्यातली भाजी दाखवली. ती ते बाजारात विकतात.