महाकाल उजव्या हाताला

उज्जैनला चढायला डोंगर नाही. माळव्याचं पठार समुद्रसपाटीपासून जवळपास 500 मीटर उंच, पण एकदा वर आलात की पुढे नजर जाईल तिकडे काळी सपाट जमीन. या सपाटीवर दर उन्हाळ्यात 118 किलोमीटरची गोल चाल होते आणि भल्याभल्या गड चढणाऱ्यांचा घाम काढते. तिला पंचक्रोशी यात्रा म्हणतात.

माझी धाकटी जाऊ नाशिकची, श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी घातलेली. पहिल्यांदा आमच्याबरोबर निघाली तेव्हा म्हणाली, "ताई, चढ नाही, उतार नाही, मग यात एवढं काय?" मी म्हटलं, "अगं, सकाळी नऊनंतर विचार."

यात्रेची आखणी मोठी सुबक आहे. मध्ये महाकाल आणि चार दिशांना त्याचे चार द्वारपाल: पूर्वेला पिंगलेश्वर, दक्षिणेला करोहनचा कायावरोहणेश्वर, पश्चिमेला अंबोदियाचा बिल्वकेश्वर, उत्तरेला जैथलचा दुर्दरेश्वर. उज्जैनच्या चौऱ्याऐंशी महादेवांतले हे शेवटचे चार. पूर्वेकडून दक्षिणेकडे वळायचं, म्हणजे महाकाल कायम उजव्या हाताला राहतो. मी शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे खोड काही जात नाही: कोस तीन-सव्वातीन किलोमीटरचा धरून पाच कोसांच्या त्रिज्येचं वर्तुळ काढलं, तर परीघ शंभराच्या आसपास येतो. वाटेची वळणं मिळवली की 118 पटतात.

सुरुवात पटनी बाजारातल्या नागचंद्रेश्वरापासून. महाकालाच्या मंदिरात तिसऱ्या मजल्यावर जो फक्त नागपंचमीला उघडतो, तो नागचंद्रेश्वर वेगळा. इथे नारळ ठेवून देवाकडून चालण्यासाठी बळ मागून घ्यायचं, आणि परत आल्यावर मातीचे घोडे वाहून ते फेडायचं. उसनं घेतलेलं परत करायचं, असा हा रोकडा व्यवहार मला फार आवडतो. या पटनी बाजाराला लागूनच बायजाबाई शिंद्यांनी बांधलेलं गोपाळ मंदिर आहे. महाकालाचं आजचं मंदिरही राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांनी अठराव्या शतकात उभारलेलं. 1810 साली शिंद्यांची राजधानी ग्वाल्हेरला गेली, पण आमच्यासारखी मराठी घरं मागे राहिली.

पिंगलेश्वर 12 किलोमीटर, त्यात अंग मोकळं होतं एवढंच. खरी कसोटी पुढची, करोहनपर्यंतचे 23. रस्ता डांबरी झालाय आणि लोक त्याचं कौतुक करतात. मला विचाराल तर अनवाणी चालणाऱ्यांचं त्यात नुकसानच झालं. जुन्या गाडीवाटेची धूळ उन्हात तापायची, पण डांबरासारखी तळव्याला चिकटून भाजायची नाही. जाणत्या बायका म्हणूनच रस्त्याच्या कडेच्या मातीतून चालतात. कडेला गव्हाचं कापलेलं शेत लागलं की मात्र सांभाळून, कारण नरवाई, म्हणजे गव्हाचे उरलेले खुंट, पायाला सुईसारखे टोचतात.

ही चाल मुख्यतः खेड्यातल्या बायकांची आहे, आणि तिचा काळ शेतीनेच ठरवल्यासारखा वाटतो. गहू-हरभरा घरात आलेला असतो, पाऊस दीड-दोन महिने लांब असतो. डोक्यावर गाठोडं, त्यात पीठ, डाळ, एक पातेलं, अंथरायला गोधडी. पहाटे तीनला उठून निघायचं, ऊन चढायच्या आत पडाव गाठायचा, दुपार झाडाखाली काढायची आणि कलत्या उन्हात पुन्हा चालायचं. वद्य पक्ष असल्याने चांदणं जवळजवळ नाहीच: दशमीचा चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो, चतुर्दशीचा उजाडायच्या जरा आधी. पुढचीच्या पैंजणांचा आवाज धरून मागची चालते.

पडावावर पाण्याचे टँकर, दवाखाना, पीठ आणि गोवऱ्यांची विक्री असते. बाफले करायचे तर आधी उकडावे लागतात, त्याला मोठं भांडं हवं. म्हणून वाटेवर बहुतेक बाटीच. जाडसर कणीक घट्ट मळून गोळे करायचे आणि गोवऱ्यांचा धूर संपून निखारे राखेने झाकले गेले की त्यात पुरायचे. बाटीला चीर पडली की ती झाली. मग ती फडक्यात घोळून राख झाडायची, हाताने फोडायची आणि वर तूप. हे सगळं शेजारच्या चुलीवरची बाई, ओळख नसताना, मला बाजूला सारून करून देते. शहरातल्या बाईला बाटी जमत नाही, हे तिने ठरवूनच टाकलेलं असतं.

करोहननंतर नलवा, अंबोदिया ही नावं भराभर मागे पडतात. अंबोदियाला गंभीर नदीवरचं धरण आहे. उज्जैनचं पिण्याचं पाणी तिथून येतं. कालियादेहला क्षिप्रेच्या पात्रात माळव्याच्या सुलतानांच्या काळातला महाल, कुंडांतून पाणी खेळवलेला. तो पडायला आलेला असताना 1920 मध्ये माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करून घेतला. दमलेल्या पायांना त्याच्या इतिहासाशी देणंघेणं नसतं, सगळे थेट पाण्यात उतरतात. जैथलनंतर उंडासा तलाव, आणि तिथून क्षिप्रेच्या घाटापर्यंतचे शेवटचे 12 किलोमीटर. इथे जाऊबाईंचा आवाज पार बसलेला होता, पण चाल माझ्यापेक्षा सरस.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांनी तिथी नीट पाहावी. यात्रा वैशाख वद्य दशमी ते अमावास्या अशी असते, पण इकडे महिना पौर्णिमेला संपतो. म्हणजे आपल्या पंचांगात पाहायची ती चैत्र वद्य दशमी. वैशाख बघून तिकीट काढलंत तर महिनाभर उशिरा पोचाल. शिवाय बरेच यात्रेकरू तिथीची वाट न बघता एक-दोन दिवस आधीच निघतात. 2016 सारखी 2028 मध्येही सिंहस्थाची गर्दी याच दिवसांत असेल. मोकळी वाट हवी असेल, तर त्याआधीचं एखादं वर्ष धरा.